तीन कोटेशन कुठून आणायची?

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेचे, म्हणजे देशभरातल्या सरकारी संस्थांना संशोधन-नियतकालिके (जर्नल्स) एकाच सरकारी वर्गणीतून ऑनलाइन वाचायला देणाऱ्या योजनेचे, कौतुक अलीकडे बरेच वाचनात येते. त्यात मीही सामील आहे. पण २७ वर्षे महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काढली असल्याने एक प्रश्न काही केल्या डोक्यातून जात नाही: या जर्नल्सची किंमत ठरली कशी?

मी १९९० साली ग्रंथपाल म्हणून रुजू झालो. दिवाळी झाली की एजंटाकडून पुढच्या वर्षाच्या जर्नल्सचे प्रोफॉर्मा बिल यायचे आणि आमचे हेडक्लार्क ते न चुकता परत पाठवायचे. शेरा ठरलेला: 'तीन कोटेशन जोडावीत.' कपाटांना, खुर्च्यांना, झेरॉक्सच्या कागदाला तीन कोटेशन मिळतात. पण रसायनशास्त्राचे अमुक एक जर्नल जगात एकच प्रकाशक काढतो. दुसरा ते स्वस्तात कुठून देणार? मग 'एकमेव प्रकाशक' असा दाखला मागवायचा, प्राचार्यांची सही घ्यायची आणि वर्षअखेरीस ऑडिटवाल्यांना तीच कथा पुन्हा सांगायची. तेव्हा वैताग यायचा. आता वाटते, हेडक्लार्कांनी नकळत नेमक्या दुखण्यावर बोट ठेवले होते. साखर महागली तर माणूस गुळाचा चहा पितो. संशोधकाला हवा असलेला लेख ज्या जर्नलात आहे, त्याच जर्नलात वाचावा लागतो.

शिवाय बिल डॉलरमध्ये किंवा पौंडात. जुलै १९९१ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले. जर्नल तेच, अंक तितकेच, आमचे अनुदानही तितकेच. बिल मात्र फुगले. भौतिकशास्त्राच्या विभागप्रमुखांनी माझ्यासमोर बसून यादीतल्या दोन नावांवर लाल पेनने काट मारली. कार्डेक्समधली (जर्नलचा कोणता अंक आला याची नोंद ठेवणाऱ्या कपाटातली) ती दोन कार्डे मी काढून टाकली नाहीत. डिसेंबरच्या रकान्यात 'आला' अशी टिकमार्क आणि पुढे सगळे रकाने कोरे.

नंतर ऑनलाइनचा जमाना आला. आता छपाई नाही, टपाल नाही, म्हणजे स्वस्ताई येणार अशी आमची भाबडी समजूत होती. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात मोठ्या प्रकाशकांनी 'बिग डील' काढले: सुटी जर्नल्स कशाला घेता, सगळा गठ्ठाच घ्या. आता या गठ्ठ्याची किंमत कशी लावली? बऱ्याच ठिकाणी पाया धरला तो ग्रंथालय पूर्वी छापील अंकांवर किती खर्च करत होते त्याचा. म्हणजे ज्या विद्यापीठाने चांगल्या दिवसांत हात सैल सोडून जर्नल्स घेतली, त्याच्या डोक्यावर तो जुना आकडा कायमचा बसला. वर दरवर्षी ठरलेली टक्केवारीची वाढ. त्यातली निम्मी जर्नल्स कोणी उघडत नसले, तरी तेवढी वगळून बिल कमी करून घ्यायची सोय नाही.

आणि शेजाऱ्याने किती मोजले हे विचारायचे नाही, कारण करारातच गुप्ततेचे कलम. अमेरिकेत टेड बर्गस्ट्रॉम या अर्थशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह माहिती अधिकाराचे कायदे वापरून सरकारी विद्यापीठांचे असे करार मागवले. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाने करार देऊ नये म्हणून एल्सेव्हिअर ही बडी जर्नल-प्रकाशक कंपनी २००९ मध्ये कोर्टात गेली आणि हरली. बाहेर आलेले आकडे बोलके होते. २००९ साली एल्सेव्हिअरच्या गठ्ठ्यासाठी विस्कॉन्सिनने सुमारे १२ लाख डॉलर भरले, मिशिगनने सुमारे २२ लाख. दोन्ही तोलामोलाची विद्यापीठे. मंडईत मेथीच्या जुडीचा भाव तरी शेजारच्या गिऱ्हाइकाच्या कानावर पडतो.

लेख लिहिणाऱ्या प्राध्यापकाला आणि तो तपासणाऱ्याला प्रकाशक सहसा छदामही देत नाही, हे तर आता सर्वांना ठाऊक आहे. एल्सेव्हिअरच्या मूळ कंपनीच्या वैज्ञानिक प्रकाशन विभागाला शंभरामागे पस्तीसहून अधिक नफा सुटतो, हेही जगजाहीर आहे. २०१२ मध्ये खुद्द हार्वर्डने आपल्या प्राध्यापकांना कळवले होते की हा खर्च आता झेपत नाही. हार्वर्डला झेपत नाही, तिथे आमची काय कथा!

आता आपल्या योजनेकडे येतो. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली: २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल्स, ६,३०० हून अधिक सरकारी संस्था आणि १.८ कोटींच्या आसपास वाचक. मीही पाठकोऱ्या कागदावर गणित मांडले. वर्षाला २,००० कोटी, म्हणजे प्रत्येक वाचकामागे अकराशे रुपये आणि संस्थेमागे सरासरी ३१-३२ लाख. एखाद्या आयआयटीला हा सौदा स्वस्त पडेल. पण मोजदादीत तालुक्याच्या सरकारी कॉलेजातला बी.ए.चा विद्यार्थीही आहे, आणि त्याच्या वाट्याच्या अकराशे रुपयांतून त्याला वाचायला मिळेल असे मराठीतले एकही संशोधन-नियतकालिक मला तरी आठवत नाही. खासगी संस्था पहिल्या टप्प्यात नाहीतच.

तरीही योजना मोडीत काढा असे मी म्हणणार नाही. एवढा मोठा देश एकच गिऱ्हाईक म्हणून उभा राहिला, तर भाव पाडायला याहून चांगली संधी नाही. म्हणूनच तो पाडला की नाही, हे कळायला हवे. ही योजना राबवणाऱ्या इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राने प्रकाशकवार रक्कम, कोणत्या जर्नलचे किती लेख डाउनलोड झाले आणि पूर्वी याच संस्था वेगवेगळ्या मिळून किती भरत होत्या, हे तीन आकडे आपल्या संकेतस्थळावर शेजारी-शेजारी मांडावेत. तेही २०२७ संपायच्या आत, पुढच्या कराराची बोलणी सुरू होण्याआधी. प्रकाशकांची गुप्ततेची अट आड येत असेल, तर नव्या करारातून आधी ती काढावी.

आमचे हेडक्लार्क आज असते तर ६,००० कोटींच्या या फायलीवरही त्यांनी तोच शेरा मारला असता.

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल, सातारा