शोधनिबंध परत आल्यावर काय करायचे, तेही शिकवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तरुण संशोधकांना प्रयोग कसा मांडावा हे शिकवले जाते. शोधनिबंध परत आला तर काय करावे, हे फारसे कोणी सांगत नाही. आणि तो परत येणारच. नावाजलेली नियतकालिके आलेल्यांपैकी बहुतेक निबंध नाकारतात.

आधी नकार कुठल्या टप्प्यावर आला ते पाहावे. आठवडाभरात संपादकांकडूनच परत आला, तर परीक्षकांनी, म्हणजे निबंध तपासणाऱ्या त्याच विषयातल्या तज्ज्ञांनी, तो वाचलेलाच नसतो. विषय त्या नियतकालिकात बसत नाही, किंवा नवे काय ते सारांशातून कळत नाही, एवढाच बहुधा त्याचा अर्थ. सारांश सुधारून लगेच दुसरीकडे पाठवावा. परीक्षणानंतरचा नकार जिव्हारी लागतो, पण हाती बरेच काही देतो. दोन दिवस तो बाजूला ठेवावा, मग तक्ता करावा: परीक्षकाचा आक्षेप, करायचा बदल, लागणारा वेळ. ‘परीक्षकाला कळलेच नाही’ असे वाटते तिथे बहुतेकदा आपलेच लिखाण मोघम असते. काहीही न बदलता निबंध दुसरीकडे पाठवला, तर लहान विषयात तो त्याच परीक्षकाकडे पुन्हा जाऊ शकतो. दाद मागावी ती परीक्षणात वस्तुस्थितीची चूक असेल तरच.

भौतिकशास्त्रज्ञ पीटर हिग्ज यांचा १९६४ मधला निबंध एका नियतकालिकाने परत केला. त्यांनी मजकूर वाढवून तो दुसरीकडे पाठवला. पुढे ‘हिग्ज बोसॉन’ म्हणून ओळखल्या गेलेल्या नव्या कणाचा उल्लेख त्या वाढीव मजकुरातच आहे.

यात योगायोगही असतो. २०१४ मध्ये यंत्र-अध्ययनाच्या (मशीन लर्निंग) एका मोठ्या परिषदेने १६६ निबंध दोन स्वतंत्र समित्यांकडून तपासून घेतले. सुमारे चौथ्या हिश्श्याबाबत निकाल उलटसुलट आले. एका नकारावरून स्वतःची कुवत ठरवू नये, ते यासाठी.

नोकरीचे गणित वेगळे. एकच निबंध एकाच वेळी दोन नियतकालिकांना पाठवणे गैर. अर्जांना ते बंधन नाही. तरी अनेक जण एका अर्जाच्या उत्तराची वाट पाहत बसतात आणि तोवर हातातल्या नोकरीचा करार संपतो. कराराची मुदत संपण्याच्या वर्षभर आधी अर्ज सुरू करावेत. शिफारसपत्र मागताना जाहिरात आणि अद्ययावत सीव्ही सोबत द्यावा, निदान तीन आठवडे हाताशी ठेवून. विद्यापीठाबाहेरची वाट कधी धरायची, ती तारीखही घरच्यांशी बोलून आधीच ठरवावी. पैसे संपल्यावर घेतलेला निर्णय घाईचा होतो. आणि झोप उडाली, कामात मन लागेना आणि असे काही आठवडे चालले, तर समुपदेशकाकडे जावेच.

मार्गदर्शकांना कळकळीची विनंती: आपल्याला आलेली नकाराची पत्रे आणि परीक्षकांना दिलेली उत्तरे विद्यार्थ्यांना वाचायला द्या.

आपला,
एक वाचक