कल्टार मोजण्याआधी

रत्नागिरी
आषाढ शुद्ध प्रतिपदा

चि. बाबूस अनेक आशीर्वाद.

शेजारची आंब्याची पेटी फेब्रुवारीतच वाशीच्या बाजारात गेली, आपली का नाही, हे तू फोनवर दोनदा विचारलंस. तिसऱ्यांदा विचारलंस ते, यंदा कल्टार, म्हणजे मोहोर लवकर आणायचं ते मातीतलं औषध, दुप्पट घालूया का. आकडे कागदावर असलेले बरे, म्हणून लिहिते.

दापोलीच्या कृषी विद्यापीठाची मात्रा कलमाच्या घेरावर ठरते, शेजाऱ्यावर नाही. घेर म्हणजे बुंध्याचा नव्हे, फांद्यांचा पसारा; तो या कडेपासून त्या कडेपर्यंत पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर मोज. 6 आणि 8 मीटर भरला तर सरासरी 7, मीटरला 3 मिली, म्हणजे 21 मिली. ते 3 ते 6 लिटर पाण्यात कालव. बुंधा आणि घेराची कड यांच्या मधोमध, गोल फिरून 25-30 भोकं पाड, 10-12 सेंमी खोल, आणि सगळ्यांत सारखं ओत. 15 जुलै ते 15 ऑगस्टमधली उघडीप बघ. धो धो पावसात घातलंस तर पैसे व्हाळात गेले. दहा वर्षांखालच्या कलमांना हात लावू नकोस.

दुप्पट घातलंस तर मोहोर आखूड आणि गच्च येतो. त्या गच्चीत तुडतुडे लपतात, फवारा आत पोचत नाही. पालवीची कांडी तोकडी राहते, आणि औषध मातीत मुरलेलं असल्यामुळे पुढच्या वर्षीही तेच. यात शेजाऱ्याचं एक पान हलत नाही हो! कलम आपलं आखडतं, आणि मोजमाप चुकतं ते मोजणाऱ्याच्या डोक्यात दुसऱ्याची पेटी असते म्हणून.

पहिल्या पेटीला हार घालून फोटो काढतात, ते तुला आवडतं हे मला ठाऊक आहे. पण त्या फोटोपायी दहा आण्यांचं फळ (सोळा आणे म्हणजे पूर्ण तयार) उतरवलंस तर ते पिकताना सुरकुततं, आंबट राहतं, वास धरत नाही. बादलीत टाकून बघ, कोवळं तरंगतं, तयार बुडतं. चौदा आण्यांना, देठासकट, झेल्याने, म्हणजे जाळीच्या काठीने, उतरव. देठ तुटला की चीक सालीवर ओघळून काळा डाग पडतो. आणि वरच्या थराला मोठी फळं, खाली बारकी, असली शोभा करू नकोस. दलाल पेटी खालपर्यंत उपसून बघतो, आणि मग आपल्या मार्क्याच्या चांगल्या पेटीलाही तोच भाव लागतो.

शेजाऱ्याच्या पेट्या मोजताना आपल्या वरच्या बागेतली बांडगुळं राहिलीत. ती फांदीत मूळ घालून तिचाच रस पितात. नुसता पाला ओरबाडलास तर पुन्हा फुटतं. जिथे चिकटलंय त्याच्या चार बोटं खालून फांदीच काप आणि कापाला बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप, लाव. गणपतीच्या आधी उरकून घे आणि किती कलमांवर निघाली तो आकडा मला कळव.

तुझी आई