केक, मलिदा आणि दहावा माणूस

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार,

वाढदिवसाला मेणबत्त्या विझवाव्यात की औक्षण करावं यावर तुमच्या पेपरात जी पत्रं येतायत ती मी रोज चहाबरोबर वाचतेय आणि परवा एका काकांनी लिहिलं होतं की हल्ली मुंजीसुद्धा इव्हेंट झाल्यात, बटूला ड्रोनकडे बघून हसायला लावतात. ते वाचल्यावर वाटलं आपणही लिहावं, कारण आमच्याकडे नुकतंच दोन्ही एकदम झालं, मुलाचा तेरावा वाढदिवस आणि त्याचा बार मित्झ्वा. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, राहणार ठाणे. आडनावं आमची पण गावावरूनच आलेली, आणि घरात भांडणं मराठीतच होतात, त्यामुळे "तुम्ही मराठी कुठे शिकलात" हे कृपया विचारू नका!!

तर आमच्यात मुलगा तेरा वर्षांचा झाला की धर्माच्या हिशोबाने तो मोठा. पण तेरा कधी, तर हिब्रू पंचांगाप्रमाणे. तुमच्यासारखाच आमचाही तिथीने वाढदिवस असतो, चांद्र महिने, आणि तुमच्या अधिक महिन्यासारखा आमच्यातही १९ वर्षांत ७ वेळा जादा महिना येतो. यंदा त्याची तिथी इंग्रजी तारखेनंतर आठवड्याने आली, मग चिरंजीव आठवडाभर "मी मोठा झालोय की नाही ते आधी ठरवा" म्हणत फिरत होते.

आता यात मुलाने करायचं काय, तर सिनेगॉगमधे, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळात, सगळ्यांसमोर तोरा (आमचा धर्मग्रंथ) वाचायची. ऐकायला सोपं वाटतं. पण ती चामड्यावर हाताने लिहिलेली गुंडाळी असते आणि तिच्यात स्वरांच्या खुणा नसतात, म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर काना मात्रा वेलांटी काही नाही नुसती अक्षरं, आणि वर ते चालीत म्हणायचं. प्रार्थना चालवणाऱ्या हज्जानसाहेबांनी व्हॉट्सअपवर रेकॉर्डिंग करून पाठवलेलं, पोरगं क्रिकेटच्या क्लासला जाताना पण कानात तेच ऐकत होतं. आणि वाचताना एक उच्चार जरी चुकला तरी आजूबाजूची माणसं तिथल्या तिथे मोठ्याने दुरुस्त करतात, कोणी लहान मूल म्हणून सोडून देत नाही. आमचा टेंभीनाक्याजवळचा सिनेगॉग १८७९ चा आहे, बायका वर गॅलरीत बसतात. मी वरून बघत होते, दोनदा त्याला अडवलं, दोनदा त्याने मागे जाऊन ती ओळ परत म्हटली, चांदीचा तो छोटा दर्शक ओळीवरून सरकवत (गुंडाळीला बोट लावत नाहीत), कान लालबुंद, पण थांबला नाही. माझ्या शेजारी बसलेल्या मावशींनी माझा हात इतका घट्ट धरलेला की बांगडीचा वळ उठला. मग वरून गोळ्या-चॉकलेटं टाकली, खाली बारकी पोरं लगेच गोळा करायला धावली. मुलाच्या वडिलांनी पण एक आशीर्वाद म्हणायचा असतो, की देवा, आता याच्या कर्मांच्या जबाबदारीतून मला मोकळं केलंस. आईने म्हणायचं असलं काही नाही. बरोबरच आहे, आईला कोण मोकळं करतंय.

त्या दिवशी शनिवार, शब्बाथ, आमचा आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, म्हणजे मोबाईल नाही, शूटिंग नाही, विस्तव पेटवायचा नाही. त्यामुळे वाचनाचा एकही फोटो आमच्याकडे नाही आणि बहिणीला त्याची फार हळहळ, मला मात्र खरं सांगते बरं वाटलं, कारण सगळे त्याच्याकडे बघत होते, स्क्रीनकडे नाही. मेणबत्त्यांचा प्रश्न पण आपोआप सुटला, तीन तारे दिसल्याशिवाय काडी पेटवायची नाही आणि जूनच्या ढगात तारे कुठले, मग छापील वेळापत्रक बघून शब्बाथ सुटल्यावर घरी आधी मलिद्याचं ताट मांडलं. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, सुका मेवा, भोवती पाच फळं आणि सब्जाची डहाळी. झाडाच्या फळाचा आशीर्वाद वेगळा, केळ्याचा वेगळा, वासाचासुद्धा वेगळा, ते झाल्याशिवाय तोंडात काही टाकायचं नाही, आणि मग एलियाहू हानावीचं, म्हणजे आमच्या एलिया प्रेषिताचं, गाणं. सासूबाईंचा अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हानावीच्या टाप्यावर (त्याच्या खुणा मानतात त्या खडकाच्या जागी) जायचा नवस आहे, तो पाऊस थांबला की फेडू.

केकची वेगळीच गंमत. जेवणात मटण होतं आणि मटणाबरोबर दूधदुभतं आम्हाला चालत नाही. बेकरीत जैन केक मिळतो, एगलेस मिळतो, बिनदुधाचा म्हटलं की काउंटरवरचा मुलगा आपल्याकडेच बघत राहतो. शेवटी आत्याने नारळाच्या दुधात केला, जरासा बसला पण संपला सगळा. आणि इस्राएलमधल्या मामाचा व्हिडिओ कॉल यायला जवळजवळ अकरा वाजले, कारण आपला शब्बाथ सुटला तरी तिकडचा सुटायला आणखी तीन तास, तोवर ते फोन उचलत नाहीत. पोरगं अर्धं झोपलेलं, मामा तिकडून जोरजोरात अभिनंदन करतोय.

हे सगळं त्या काकांसाठी लिहिलं. त्यांचा राग मला समजतो पण मला वाटतं खर्च किंवा ड्रोन हा मुद्दा नाही, त्या दिवशी मुलाला खरंखुरं काम आहे की त्याला नुसतं सजवून बसवलंय हा आहे. आमच्याकडे सार्वजनिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात. अनेक घरं इस्राएलला गेली, आता एखाद्या साध्या वारी सकाळी दहा जमवताना फोनाफोनी करावी लागते. गेल्या सोमवारी सकाळी सहा वाजता आमचा फोन वाजला, मी यांना उठवायला गेले तर पलीकडून म्हणाले "त्यांना नको, ते येतायतच, पोराला उठवा, एक कमी पडतोय." उठला, कुरकुरत का होईना गेला. गिफ्टमधे घड्याळ आलंय, सायकल आलीय, पण मित्रांना सांगत होता ते या फोनचं.

एक गोष्ट मात्र आमचीही सुटलेली नाही. मुलगी पुढच्या वर्षी बारा पूर्ण करेल, मुली आमच्यात बाराव्या वर्षीच मोठ्या होतात, आणि ती आत्तापासून विचारतेय की मी काय वाचू. आमच्या पद्धतीत मुली सिनेगॉगमधे तोरा वाचत नाहीत, आजी म्हणते मलिदा करू छानसा, मुलगी म्हणते मलिदा तर दादाचा पण झाला. घरात रोज वाद. पुण्याला ज्ञान प्रबोधिनीत मुलींचीही मुंज लावतात असं वाचलंय, तर ज्यांनी आपल्या मुलीची केलीय त्यांनी घरच्या मोठ्यांना कसं तयार केलं ते या सदरात जरूर लिहावं, मी वाट बघतेय.

– एक आई, ठाणे