कोरडे तोंड म्हणजे म्हातारपण नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी आई ७४ वर्षांची आहे. गेले वर्षभर भाकरीचा तुकडा आमटीत बुडवल्याशिवाय तिच्या घशाखाली उतरत नसे आणि बोलता बोलता जीभ टाळूला चिकटे. वय झाले की असे व्हायचेच, अशी आम्ही सर्वांनी समजूत करून घेतली होती. तोंड ओले राहावे म्हणून ती रात्री खडीसाखरेचा खडा गालात धरून झोपे. पुढचे तीन दात हिरडीलगत किडले, तेव्हा दंतवैद्यांनी पहिला प्रश्न विचारला तो गोळ्यांच्या पिशवीबद्दल.

पिशवीत पायांच्या जळजळीसाठीची ॲमिट्रिप्टिलिन, लघवीची घाई आवरण्यासाठीची ऑक्सिब्युटिनिन आणि सर्दीसाठी दुकानातून परस्पर आणलेली क्लोरफेनिरामिन निघाली. लाळग्रंथींना मज्जातंतूंकडून मिळणारा संदेश या तिन्ही गोळ्या अडवतात. पण देणारे हात तीन असल्याने त्यांची बेरीज कोणीच केली नव्हती. निरोगी माणसाला दिवसाकाठी साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. ती तोंडातले आम्ल निववते आणि दातांची झीज भरून काढते. झोपेत ती मुळातच जवळजवळ थांबते, त्यामुळे रात्रीचा तो खडा दातांना सर्वांत घातक ठरला, याची हळहळ मला अजून वाटते.

दोष नेहमी गोळ्यांचाच असतो असे नाही. रक्तातल्या वाढलेल्या साखरेनेही तोंड कोरडे पडते. सोबत डोळेही कोरडे होत असतील, तर श्योग्रेन या विकाराची तपासणी करावी लागते. आणि तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगावर किरणोपचार घेतलेल्यांच्या लाळग्रंथी तर कायमच्या निकामी होऊ शकतात. याउलट, पार्किन्सनच्या रुग्णाची लाळ गळते ती बहुधा जास्त सुटते म्हणून नव्हे, तर गिळणे मंदावते म्हणून. अशा माणसाला घरच्यांनी टाकून बोलू नये.

आईने एकही गोळी मनाने बंद केली नाही. डॉक्टरांनीच सर्दीची गोळी थांबवली, एकीची मात्रा कमी केली आणि दंतवैद्यांनी फ्लोराइडची पेस्ट दिली. आता ती घोट घोट पाणी पीत कोरडी भाकरी खाते. डॉक्टरांनी नवी गोळी लिहिताना आधीच्या सगळ्या गोळ्या पाहाव्यात आणि औषध दुकानदारांनी पाकीट हाती देताना 'याने तोंड कोरडे पडेल, गोड चघळू नका' एवढे सांगावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, सातारा