चंद्रावरच्या रात्रीला आधी ऊब हवी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

चांद्रयानाच्या पुढच्या मोहिमांविषयी आपल्या पुणे आवृत्तीत सध्या वाचकांची पत्रे येत आहेत. चांद्रयान-३च्या ‘विक्रम’ लँडरवर अणुबॅटरी बसवली असती तर तो आजही बोलत असता, प्लुटोनियम तर आपल्याकडे आहेच, मग घोडे अडले कुठे, असा त्यातल्या बहुतेकांचा सूर आहे. प्रश्न रास्त आहे. पण त्यात तीन निराळ्या वस्तू एकत्र कालवल्या गेल्या आहेत: अणुभट्टी, किरणोत्सारी क्षयाच्या उष्णतेवर वीज करणारे आरटीजी आणि नुसती ऊब देणारी लहानशी कुपी.

अणुभट्टी लगेच बाजूला ठेवता येते. तिच्यात साखळी अभिक्रिया चालते, ती सुरू करावी लागते आणि थांबवता येते. आरटीजीत साखळी नाही, हलणारा भाग नाही आणि बंद करायचे बटणही नाही. अणू आपापल्या गतीने क्षय पावतात, त्यातून सुटलेले अल्फा कण इंधनाच्या गोळीतच अडतात आणि गोळी तापते.

चंद्रावर ‘विक्रम’ला या उष्णतेची गरज कशासाठी होती ते पाहा. २३ ऑगस्ट २०२३ रोजी तो उतरला, सप्टेंबरच्या सुरुवातीला झोपवला गेला आणि २२ सप्टेंबरनंतर हाक मारूनही उठला नाही. मोहीम एका चांद्रदिवसापुरतीच आखलेली होती, तेव्हा यात अपयश कसलेच नाही. चंद्रावरची रात्र सुमारे ३५४ तासांची असते आणि तापमान शून्याखाली दीडशे अंशांच्याही खाली जाते. लिथियम-आयन बॅटरीतले विद्युत्-अपघटनी द्रव्य गोठते. वेगवेगळे पदार्थ वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, म्हणून सर्किटवरचे डाखाचे सांधे तडकतात. सकाळी सौरपट्ट्यांवर ऊन पडते, पण अजून थंडगार असलेली बॅटरी चार्ज करायला गेले की तिच्या आत लिथियम धातूचा थर साचतो आणि ती कायमची निकामी होते.

हे टाळायला उपकरणांची पेटी किमान उणे वीस-तीस अंशांच्या वर राखावी लागते. उत्तम आवरण केले तर लहान रोव्हरच्या पेटीला रात्रभर १० वॅट उष्णता पुरेल असे धरू. ३५४ तासांचे झाले साडेतीन युनिट. किलोमागे १५० वॅट-तास देणारी बॅटरी घेतली, तर केवळ एवढ्यासाठी २३-२४ किलो बॅटरी लागेल. ‘विक्रम’मधून उतरलेल्या ‘प्रज्ञान’ रोव्हरचे सगळे वजनच २६ किलो होते. आता दुसरी बाजू. अमेरिकी मोहिमांत वापरली जाणारी एक वॅटची कुपी ४० ग्रॅमची असते. तिच्यात २.७ ग्रॅम प्लुटोनियम ऑक्साइड, त्यावर प्लॅटिनम-ऱ्होडियमचे कवच आणि बाहेर ग्राफाइट. दहा कुप्यांचे वजन ४०० ग्रॅम. वीज करायची, तारेतून न्यायची आणि हीटरमध्ये पुन्हा उष्णता करायची, हा द्राविडी प्राणायाम मुळात हवाच कशाला? ‘विक्रम’च्या बाबतीत खरा प्रश्न विजेचा नाही, उबेचा आहे. आणि ही कुपी आपल्याला नवीनही नाही. चांद्रयान-३च्या प्रोपल्शन मॉड्यूलवर भाभा अणुसंशोधन केंद्राने तयार केलेल्या एकेक वॅटच्या दोन कुप्या होत्या.

मात्र कुपी बसवली की काम संपले, असे नाही. ती दुपारीही तितकीच तापते. ‘विक्रम’वरच्या चास्टे उपकरणाने दिवसा पृष्ठभाग ७० अंशांच्याही वर तापल्याचे नोंदले होते. रात्री जीव वाचवणारे तेच १० वॅट दुपारी पेटी भाजून काढतात. म्हणून पेटी आणि उष्णता बाहेर टाकणारा रेडिएटर यांच्यामध्ये उष्णतेचा स्विच लागतो. एका प्रकारात मेण वितळले की फुगून संपर्क जुळवते आणि गोठले की सोडते. दिवसा या स्विचचा संपर्क जुळलाच नाही तर बॅटरी शिजते, रात्री सुटलाच नाही तर गोठते. आमच्या मते चांद्ररात्रीच्या अभियांत्रिकीतले सर्वांत नाजूक काम हेच आहे आणि त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते.

आता वीज. ती खरोखर लागते ती सूर्य दूर राहतो तिथे. कोथरूडच्या गच्चीवरचा एक किलोवॅटचा सौरसंच गुरूजवळ नेला तर त्यातून ५० वॅट मिळतील, प्लूटोजवळ सव्वा वॅट. गुरूपर्यंत अवाढव्य पट्ट्यांवर भागते, ‘जुनो’ यानाने ते दाखवले. शनीच्या पलीकडे आरटीजीला आज तरी पर्याय नाही. मंगळावर ऊन आहे, पण धुळीची वादळेही आहेत, म्हणून ‘क्युरिऑसिटी’ आणि ‘पर्सिव्हरन्स’ या दोन्ही रोव्हरांना आरटीजी दिले.

त्यांचे जनित्र आतून असे असते. सुमारे १५० ग्रॅमची प्लुटोनियम-२३८ ऑक्साइडची एक गोळी, तिच्यावर इरिडियमचे कवच. अशा चार गोळ्या कार्बनच्या दणकट ठोकळ्यात बसवतात, एका ठोकळ्याचे साधारण २५० वॅट. आठ ठोकळ्यांची चळत, एकूण इंधन ४.८ किलो, उष्णता २००० वॅट. चळतीभोवती ७६८ थर्मोकपल, म्हणजे दोन टोकांच्या तापमानातल्या फरकावर वीज करणाऱ्या दोन वेगळ्या अर्धवाहकांच्या जोड्या, येथे लेड टेल्युराइडच्या जातीच्या. त्यांची आतली बाजू सुमारे ५३० अंशांवर, बाहेरची दोनशेच्या आसपास. जोड्या एकसर आणि समांतर अशा मिश्र पद्धतीने जोडतात, म्हणजे एखादी तुटली तरी सगळी माळ विझत नाही. एवढे सगळे करून ४५ किलोच्या या यंत्रातून सुरुवातीला मिळतात ११० वॅट. कार्यक्षमता साडेपाच-सहा टक्के.

इतकी कमी का? ५३० आणि २०० अंशांमध्ये सैद्धांतिक मर्यादा ४१ टक्के आहे. पण वीज चांगली वाहणारा पदार्थ बहुधा उष्णताही चांगली वाहतो, आणि बरीचशी उष्णता वीज न करताच पलीकडे निघून जाते. मग थंड बाजू आणखी थंड का करत नाहीत? कारण निर्वातात उष्णता टाकायचा मार्ग एकच, प्रारण, म्हणजे किरणांवाटे उष्णता सोडणे, आणि ते निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने बदलते. २०० अंशांवर या जनित्राला पाऊण-एक चौरस मीटर पृष्ठभाग पुरतो, ५० अंशांवर साडेतीन लागेल. वाढलेले वजन वाढलेल्या विजेला खाऊन टाकते. म्हणून थंड बाजू जाणूनबुजून गरम ठेवलेली असते.

शाळा-कॉलेजांच्या विज्ञान प्रदर्शनांत ‘अणुबॅटरीचे मॉडेल’ मांडणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे लक्षात घ्यावे. बुधवार पेठेत मिळणारी ४० मिलिमीटरची पेल्टियर पट्टी, म्हणजे अशाच अर्धवाहक जोड्यांची चपटी वडी, घेतात, खाली मेणबत्ती लावतात आणि दोन मिनिटांनी एलईडी विझला की पट्टी खराब निघाली म्हणतात. पट्टी ठीक असते, वरची बाजूही तापलेली असते. वर पंख असलेला ॲल्युमिनियमचा हीटसिंक लावा, तो पाण्यात बुडवा, दोन्ही बाजूंना थर्मल पेस्टचा पातळ थर द्या आणि खालची बाजू १२० अंशांच्या वर जाऊ देऊ नका, कारण अनेक स्वस्त पट्ट्यांतला डाख १३८ अंशांना वितळतो. दोन बाजूंत ६० अंशांचा फरक टिकवला तर भाराविना अडीच-तीन व्होल्ट दिसतील. मग दोन ओहमचा रोध जोडा, वॅटभर वीज मिळेल. भार पट्टीच्या अंतर्गत रोधाइतका असला तरच कमाल वीज मिळते, हे इथे हाताला समजते. आत जाणारी उष्णता मोजली तर ३०-३५ वॅट भरेल, म्हणजे मंगळावरच्या जनित्राच्या निम्मी कार्यक्षमता बुधवार पेठेतच मिळाली.

‘आरटीजी ८८ वर्षे चालते’ असेही एका पत्रात होते. प्लुटोनियम-२३८चे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ, ८७.७ वर्षे आहे, म्हणजे उष्णता वर्षाला ०.८ टक्क्याने घटते. वीज मात्र त्याहून वेगाने घटते. प्लूटोकडे जाणारे ‘न्यू होरायझन्स’ यान २००६ मध्ये निघाले तेव्हा त्याच्या आरटीजीचे २४५ वॅट होते. साडेनऊ वर्षांनी प्लूटोजवळ, फक्त इंधनाचा हिशेब धरला, तर २२७ राहायला हवे होते. राहिले दोनशेच्या आसपास. थर्मोकपलमधले पदार्थ त्या तापमानाला हळूहळू उडून जातात, मिसळलेली द्रव्ये जागा सोडतात, सांध्यांचा रोध वाढतो. लेड टेल्युराइडवाल्या जनित्रात ही घट आणखी ठळक असते. शिवाय अल्फा कण म्हणजे हेलियमच. तो वर्षानुवर्षे साचतो, म्हणून कवचाला अतिसूक्ष्म छिद्रांची वाट ठेवावी लागते, नाहीतर दाबाने कवच फुगेल. प्रक्षेपणापूर्वी यानाच्या टोपीखाली हे २००० वॅट सतत जळतच असतात, तेव्हा तिथे थंडाव्याची सोय लागते. अपोलो-१२च्या वेळी तर तापलेली इंधनकांडी प्रसरण पावून आपल्या नळीतच अडकली होती. चंद्रावर हातोडीने ठोकून ती बाहेर काढावी लागली.

आता ‘प्लुटोनियम आहेच’ या मुद्द्याकडे. वीज-अणुभट्ट्यांच्या जळालेल्या इंधनात असते ते मुख्यतः प्लुटोनियम-२३९. त्याची उष्णता ग्रॅममागे दोन मिलिवॅटही नाही, २३८ची मात्र ०.५७ वॅट. एक वॅटच्या कुपीसाठी २३९ अर्धा किलोहून जास्त लागेल! त्यात अल्पांशाने मिसळलेले २३८ रासायनिक रीतीने वेगळे होत नाही, दोन्ही एकच मूलद्रव्य. २३८ मुद्दाम बनवावे लागते. जळालेल्या इंधनातून नेप्च्युनियम-२३७ काढायचे, त्याच्या गोळ्या उच्च न्यूट्रॉन-प्रवाहाच्या संशोधन भट्टीत ठेवायच्या, नेप्च्युनियम-२३८ तयार होऊन काही दिवसांत त्याचे प्लुटोनियम-२३८ होते, मग ते विरघळवून वेगळे करायचे. जास्त दिवस ठेवले तर तयार झालेला मालच पुढे २३९ होतो किंवा फुटतो. म्हणून एका खेपेत थोडाच भाग रूपांतरित करून उरलेले नेप्च्युनियम पुन्हा फिरवतात. वेगवान न्यूट्रॉन जास्त असतील तर प्लुटोनियम-२३६ची भेसळ होते आणि तिच्या क्षयसाखळीत पुढे कडक गॅमा किरण येतात. अमेरिकेने हे उत्पादन १९८८ मध्ये थांबवले, रशियाकडून विकत घेतले, आणि ओक रिजच्या प्रयोगशाळेत पुन्हा सुरुवात केली तेव्हा २०१५ मध्ये हाती आले ५० ग्रॅम.

मग आपल्याला जवळचा मार्ग कोणता? स्ट्रॉन्शियम-९० मुबलक आहे, पण त्याला जाड संरक्षण लागते. सोव्हिएत काळात बनलेल्या स्ट्रॉन्शियमच्या बेवारस स्रोतांवर २००१ मध्ये जॉर्जियाच्या जंगलात तीन लाकूडतोडे शेकत बसले आणि भाजले. पोलोनियम-२१० सोव्हिएत चांद्ररोव्हर ‘लुनोखोद’ने १९७० मध्ये वापरले, पण त्याचे अर्धायुष्य १३८ दिवस. उरते अमेरिशियम-२४१. अर्धायुष्य ४३२ वर्षे, उष्णता ग्रॅममागे ०.११ वॅट, म्हणजे २३८च्या पाचवा हिस्सा. मात्र ते बनवावे लागत नाही. साठवलेल्या प्लुटोनियममधले २४१ हे समस्थानिक १४ वर्षांच्या अर्धायुष्याने आपोआप अमेरिशियम होते. इंधन बनवणाऱ्यांना ती ब्याद वाटते, कारण तिच्या गॅमा किरणांमुळे हाताळणी अवघड होते आणि ती काढूनच टाकावी लागते. ब्रिटनमध्ये सेलाफिल्डला जुन्या साठ्यातून हेच वेगळे करून युरोपच्या यानांसाठी वापरायचे काम चालू आहे. तारापूर आणि कल्पाक्कमला पुनर्प्रक्रिया करणाऱ्या देशाने त्याच वाटेने जावे असे आम्हाला वाटते. अडचणी आहेत. शुद्ध अमेरिशियम ऑक्साइड तापले की ऑक्सिजन सोडते आणि स्वतःच्याच प्रारणाने फुगते, म्हणून त्यात युरेनियम मिसळून ते स्थिर करतात. दहा वॅटला शंभर ग्रॅम इंधन आणि वर गॅमासाठी धातूचा पातळ थर लागेल. तरीही हे २४ किलो बॅटरीपुढे काहीच नाही. आधी वॅटभराच्या कुप्या डझनाने, आरटीजी त्यानंतर, हा क्रम आम्हाला शहाणपणाचा वाटतो.

सुरक्षेबद्दल थोडे. १९६४ मध्ये एक अमेरिकी उपग्रह कक्षेत पोहोचला नाही आणि त्यातले सुमारे एक किलो प्लुटोनियम वातावरणात जळून विखुरले. तेव्हापासून ‘जळून विरावे’ हे धोरण सोडून ‘अखंड खाली यावे’ असे अभिकल्प झाले. १९६८ मध्ये कॅलिफोर्नियाजवळ समुद्रात पडलेली जनित्रे शाबूत सापडली आणि त्यांचे इंधन पुन्हा वापरले गेले. इरिडियम, कार्बनचा ठोकळा आणि भुकटी न होता मोठ्या तुकड्यांत फुटणारी गोळी, सगळे त्यासाठीच. अल्फा कण कागदानेही अडतो, धोका आहे तो श्वासातून जाणाऱ्या धुळीचा.

राहता राहिले नंदादेवीचे पत्र. १९६५ मध्ये सीआयए आणि भारतीय गुप्तचर विभाग यांच्या मोहिमेत तिथे प्लुटोनियम-२३८चे जनित्र हरवले, हे खरे आहे. १९७८ मध्ये पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी संसदेत त्याची माहिती दिली. पण २०२१चा चमोलीचा प्रलय त्याच्या उष्णतेने आला, हे गणितात बसत नाही. हजार वॅट धरले आणि सगळी उष्णता बर्फातच गेली असे मानले, तरी दिवसाला २६० किलो बर्फ वितळेल. त्या दिवशी रोंटी शिखराच्या उतारावरून सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटर खडक आणि बर्फ कोसळला. कवच गंजून प्लुटोनियम पाण्यात उतरते आहे का, ही शंका मात्र वेगळी आणि खरी आहे. तिचे उत्तर ऋषिगंगेच्या पाण्याचे आणि गाळाचे नमुने घेऊन, अल्फा वर्णपट मोजूनच मिळेल. गंगेच्या उगमाकडच्या नदीसाठी ते नियमित व्हावे, आणि आकडे जाहीर व्हावेत.

आपले,
अणुइंधन व औष्णिक अभिकल्प क्षेत्रांतील दोन निवृत्त अभियंते
कोथरूड, पुणे