ताप नाही, खोकला नाही, तरी विषाणू

महोदय,

कोविड किंवा फ्लू म्हटले की ताप-खोकलाच डोळ्यांसमोर येतो. वयस्कर रुग्णांत मात्र कधी कधी अचानक असंबद्ध बोलणे किंवा नुसते गुंगीत पडून राहणे हेच पहिले लक्षण असते. ‘वयामुळे होतंय’ म्हणून ते सोडून दिले जाते, याची फार काळजी वाटते. आधी रक्तातली साखर आणि ऑक्सिजन तपासावा. मग वर्षाचे महिने उलटे म्हणायला सांगावेत. डिसेंबर-नोव्हेंबरपाशीच अडखळले, तर लक्ष टिकत नाही हे कळते. अशा रुग्णाला सरसकट झोपेचे औषध देऊ नये. गोंधळ वाढतो, श्वास मंदावतो.

तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, तर तो पक्षाघात असू शकतो; विषाणूच्या चाचणीसाठी मेंदूचा सीटी स्कॅन थांबवू नये. मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सहसा लक्षणे सुरू झाल्यापासून ४.५ तासांच्या आतच देतात.

संसर्गानंतर १ ते ३ आठवड्यांनी पायांतून वर चढणारी अशक्तता आली, तर गुलियन बॅरे सिंड्रोमची (यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर हल्ला करते) शंका घ्यावी. इथे ऑक्सिमीटर फसवतो. श्वासाचे स्नायू थकत असतानाही आकडा ९७-९८ राहतो. एका श्वासात रुग्ण कितीपर्यंत मोजतो ते वरचेवर पाहावे. २०पर्यंतही पोहोचत नसेल, तर त्याला वॉर्डात ठेवू नये, अतिदक्षता विभागात हलवावे.

– आपत्कालीन विभागातील काही डॉक्टर व परिचारिका