उत्खननातल्या शिंपल्यांची नोंद हवी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात मुंबईतील एका प्रदर्शनात ताम्रपाषाणयुगीन वसाहतीतून निघालेल्या वस्तू पाहण्याचा योग आला. रंगीत भांडी, मणी, तांब्याची कुऱ्हाड यांच्याखाली व्यवस्थित माहितीपट्ट्या होत्या. कोपऱ्यातल्या ताटलीत मात्र नदीतले आठ-दहा शिंपले ठेवून खाली ‘शिंपले’ एवढेच लिहिले होते. ते कोणत्या थरातले, घरातले की उकिरड्यावरचे, याचा पत्ता नव्हता. आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाला हे खटकते, कारण त्या काळच्या पाऊसपाण्याचा पुरावा कुऱ्हाडीपेक्षा त्या ताटलीतच असण्याची शक्यता अधिक.

शिंपला कॅल्शियम कार्बोनेटचा बनतो आणि त्यातला ऑक्सिजन भोवतालच्या पाण्याशी नाते राखून असतो. निसर्गातल्या ऑक्सिजनच्या दर हजार अणूंत सुमारे दोन अणू जड, म्हणजे ऑक्सिजन-१८ या समस्थानिकाचे असतात. पाण्याची वाफ होताना हलके रेणू आधी निघून जातात, त्यामुळे आटत चाललेल्या तळ्यात जड ऑक्सिजनचे प्रमाण वाढते. उलट जोरदार मोसमी पावसाच्या पाण्यात ते कमी असते. पाण्यातला हा चढउतार शिंपल्याच्या एकेका वाढरेषेत उतरत जातो, आणि बारीक छिद्रकाने त्या रेषांवरून चिमटीतही न येणारी भुकटी काढली की एकाच शिंपल्यातून लागोपाठचे ऋतू वाचता येतात. आपल्या बाजारातल्या तिसऱ्या आणि कालवे या कामी तितकी उपयोगी नाहीत. ती खाडीत वाढतात, आणि तेथे समुद्राचे व नदीचे पाणी भरतीओहोटीबरोबर मिसळते आणि दोन्हींचा हिशेब वेगळा करणे जिकिरीचे होते.

या पद्धतीचे भारतातले ठळक उदाहरण हरियाणातील कोटला डहर या आटलेल्या सरोवराचे आहे. तेथील गाळातल्या गोगलगायींच्या शंखांवरून यमा दीक्षित, डेव्हिड हॉडेल आणि कॅमेरॉन पेट्री यांनी गेल्या साडेसहा हजार वर्षांच्या मोसमी पावसाचा आलेख मांडला आणि २०१४ साली प्रसिद्ध केला. सुमारे ४,१०० वर्षांपूर्वी शंखांतील जड ऑक्सिजनचे प्रमाण हजारी ४ ने, म्हणजे त्या प्रमाणाच्याच हजारात चार भागांनी, वाढलेले त्यांना आढळले. तापमानामुळेही हे प्रमाण बदलते, परंतु साधारण चार अंशांमागे हजारी १ इतकेच. म्हणजे निव्वळ थंडीने एवढा फरक पडायचा तर पाणी सोळा अंशांनी गार व्हावे लागले असते, आणि हरियाणात तसे घडले असे कोणी म्हणणार नाही. तेव्हा पाऊस घटला आणि बाष्पीभवन वरचढ झाले, हाच अर्थ उरतो. (ती गोगलगाय मेलानोइडेस ट्यूबरक्युलाटा या जातीची. क्रॉफर्ड मार्केटातून माशांच्या टाकीसाठी पाणवनस्पती आणल्या की हीच बया न बोलावता घरात येते.) सिंधू संस्कृतीची नगरे केवळ त्यामुळे ओस पडली, असे मात्र यावरून सिद्ध होत नाही. तसे ठासून सांगणारे मथळे वाचले की मला धास्ती वाटते.

आपल्याकडे हा प्रश्न इनामगावचा आहे. पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठच्या या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले. तिच्या उत्तरकाळात गहू कमी झाला, शिकारीच्या प्राण्यांची हाडे वाढली, चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या; त्यावरून प्रा. म. के. ढवळीकर यांनी वाढत्या अवर्षणाचा निष्कर्ष काढला. तो पटण्याजोगा आहे, तरी हे सगळे पुरावे माणसाच्या वागण्याचे आहेत आणि वागण्याला पावसाखेरीज इतरही कारणे असू शकतात. शिंपल्यातला ऑक्सिजन पाण्याबद्दल थेट बोलतो, म्हणून अशा वसाहतींच्या प्रत्येक थरातले शिंपले मोजून, थराच्या नोंदीसह जपायला हवेत.

अर्थात वसाहतीतला शिंपला तळ्याच्या गाळातल्या शंखासारखा आपोआप साचलेला नसतो, तो कोणीतरी खाण्यासाठी उचलून आणलेला असतो. नदीचे डोह उघडे पडल्यावर, उन्हाळ्यात, शिंपले वेचणे सोपे. अशा शिंपल्यांच्या फक्त कडेची, म्हणजे शेवटच्या वाढीची, भुकटी तपासली तर प्रत्येक शतक दुष्काळीच दिसेल. चुलीत भाजलेला शिंपलाही बाद धरावा लागतो, कारण उष्णतेने त्यातल्या अॅरागोनाइटचे कॅल्साइट (दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटचीच रूपे) होते आणि मूळ नोंद पुसली जाते. म्हणूनच ‘घरातला की उकिरड्यावरचा’ ही नोंद क्षुल्लक नाही.

जपून ठेवण्याचे मोल किती, हे जावातील त्रिनिलने दाखवले आहे. डच संशोधक यूजीन द्युबोआने १८९१ साली तेथून जमवलेले गोड्या पाण्यातले शिंपले नेदरलँड्समधील लायडनच्या संग्रहालयात शतकाहून अधिक काळ पडून होते. त्यांतल्या एकावर होमो इरेक्टस या आदिमानवाने कोरलेल्या नागमोडी रेषा आहेत, हे २०१४ साली जगासमोर आले.

आणखी एक गोष्ट मुंबईतील महाविद्यालयांना सहज करता येईल. जुन्या शिंपल्याचा अर्थ लावायचा तर ज्ञात पावसातला शिंपला तुलनेला लागतो. पवई तलावातले पाणी आणि गोगलगायी वर्षभर दरमहा गोळा करून त्यांची सांगड सांताक्रूझ वेधशाळेच्या पावसाच्या आकड्यांशी घालता येईल. दख्खनच्या नद्यांचे मात्र तसे नाही. प्रवरेवर १९२६ मध्ये भंडारदरा धरण पुरे झाले, आणि धरणात साठून तापलेले पाणी जुन्या वाहत्या नदीसारखे वागत नाही. त्यामुळे प्राणिशास्त्र विभागांच्या कपाटांत त्याआधीचे, गाव आणि तारीख लिहिलेले शिंपले असतील, तर ते भंगारात काढण्यापूर्वी संबंधितांनी पुरातत्त्वाच्या एखाद्या अभ्यासकाला दाखवावेत, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
मुलुंड (पूर्व), मुंबई